बाईंची संमती

"बाईंची सरकारास संमती," धोंडजी चोपदार ओरडला आणि माझ्या हातातल्या विणायच्या सुया थांबल्या. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

रुईगव्हाण संस्थानच्या प्रतिनिधी सभेचा तो शेवटचा दिवस होता. सभेची तीन वर्षांची मुदत त्या संध्याकाळी संपायची होती. सूर्य मावळला की गढीवरची तोफ उडायची, आणि तोफ उडाली की सभा मोडली. जी बिलं तोवर मंजूर झाली नसतील ती मेली म्हणून समजायचं. पुढच्या सभेला वाटलं तर तिनं पुन्हा श्रीगणेशा करावा. धोंडजीनं आत्ता माझ्या नावावर दिलेली संमती तळ्यातला गाळ काढायच्या ठरावाला होती. गाळाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. काढा की. पण मला विचारलं नव्हतं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच ते मला झोंबलं.

मी तिथं कशी जाऊन बसले ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई कुणी मोठी पुढारीण होती. मी दवाखान्यातली नर्स. नर्मदा कुंभोजकर. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, मिरजेला जाऊन नर्सिंग शिकले, आणि पोट भरायला ह्या टीचभर संस्थानात आले. एकूण बावन्न गावं, एक राजा, एक दिवाण, एक तोफ. लढाईच्या दिवसांत इंग्रज सरकारनं कळवलं की तुमच्या सभेत एखादी स्त्री असू द्या, बरं दिसतं. राणीसाहेब म्हणाल्या, आम्ही नाही. सरदार-इनामदारांनी आपापल्या बायकांची नावं ऐकूनच कानांवर हात ठेवले. मग उरली कोण? दवाखान्यातली नर्स. विधवा, एकटी, पगार संस्थानचा. बोलायची काय बिशाद तिची?

सभा दरबार महालात भरायची. वीस पुरुष बाकांवर बसत, आणि एकविसावी मी, मागच्या भिंतीशी असलेल्या ओट्यावर, चिकाच्या म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड. पूर्वी राण्या तिथं बसून दरबार बघायच्या, तीच जागा मला दिली. मत द्यायचं तर सभासदानं आपल्या जागी उभं राहायचं आणि चोपदारानं मोजायचं. बाईचा आवाज दरबारात निघू नये, म्हणून पुरुषांची मोजणी झाली की धोंडजी ओट्याशी यायचा, मला हळूच विचारायचा आणि माझं मत आपल्या आवाजात सभेला सांगायचा.

पहिले चार दिवस तो खरंच विचारायचा हो. मीच वैतागले. मीच त्याला म्हणाले की धोंडजी, माझ्यामागं बाळंतिणी खोळंबल्यात, तू आपलं हो म्हणून सांगत जा. तो बिचारा सुटला, मी सुटले. मी पडद्याआड टोपडी विणत बसायची. ओट्याला मागून दार होतं. कुणाला कळा सुरू झाल्याचा निरोप आला की पिशवी उचलून त्या दारानं सटकायची. बाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही. मला ती तेव्हा मोठी सोय वाटली होती.

त्या दिवशी मात्र मी सटकणार नव्हते, कारण सगुणाचा हाकारा आठ दिवसांवर आला होता.

हाकारा म्हणजे महाराजांच्या शिकारीसाठी रान उठवणं. डबे, ढोल, घसा, जे असेल ते वाजवत माणसांनी रानात शिरायचं आणि डुकरं, सांबरं महाराजांच्या बंदुकीसमोर हाकलायची. राखीव रानालगतच्या गावांनी घरटी एक माणूस द्यायचा, ही जुनी वेठ. ज्या घरी पुरुष नाही त्या घराला पूर्वी माफी असायची. लढाई सुरू झाली, पुरुष पलटणीत गेले, माणसं कमी पडायला लागली. तेव्हा ह्याच सभेनं पहिल्या वर्षी नियम केला की घरी पुरुष नसेल तर घरच्या बाईनं जावं.

सगुणा खडकेवाडीची, धनगराची सून. नवरा पलटणीत. आदल्या माघात ती पाचवा महिना असताना हाकाऱ्याला गेली. पाटलाला सांगितलं होतं तिनं, पण यादीत नाव होतं ना. रानातून उठलेल्या डुकरानं तिला ओढ्यात पाडलं. घोंगडीत घालून चौघांनी दवाखान्यात आणली. तिला मी वाचवलं, पोटातलं वाचलं नाही. मुलगी होती, तळहाताएवढी. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाई, बायकास्नी धाडायचा ह्यो कायदा केला कुणी वं?"

मी रागानं फणफणत होते. म्हणाले, "सभेतल्या मेल्यांनी केला. आणखी कोण करणार?"

नवरा पुढं रजेवर येऊन गेला आणि सगुणाला पुन्हा दिवस गेले. आता सातवा सरत आला होता. खडकेवाडीत पाटलानं दवंडी पिटली होती की हाकारा माघ प्रतिपदेला, आणि यादीत तिसरं नाव तिचं. ती चालत दवाखान्यात आली, ओसरीवर टेकली आणि एवढंच म्हणाली की ह्यावेळी न्हाई जमायचं बाई, मला कुठंतरी लपवा. कुठं लपवायची? बावन्न गावांचं तर संस्थान.

आमच्या सभेत शेडबाळे मास्तर म्हणून एक सभासद होते. शाळेतून काढून टाकलेले आणि लोकांनी निवडून दिलेले. त्यांनी बायकांना हाकाऱ्यातून सोडवायचं बिल मांडलं होतं. ते बिल गेलं दीड वर्ष आज-उद्या करत मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत आणून ठेवलं होतं दिवाणांनी. त्या सकाळी मास्तर दवाखान्यात आले. म्हणाले, आमच्या बाजूनं दहा, सरकारच्या बाजूनं दहा. तुमची नेहमीची संमती गेली की त्यांचे अकरा; तुम्ही गप्प बसलात तरी बरोबरी होऊन दिवाण अध्यक्ष म्हणून आपलं एक मत टाकणार आणि बिल पडणार. बाई, तुम्ही एकदा बोललात तर.

मी म्हणाले, बोलेन.

मास्तर गेले आणि तासाभरानं आमचे डॉक्टर माझ्याजवळ येऊन उगीच चष्मा पुसत उभे राहिले. दिवाणसाहेबांनी निरोप दिलाय म्हणाले, नर्सची जागा पुढच्या वर्षी ठेवायची की नाही याचा विचार चाललाय. चांगला माणूस होता, सांगताना त्याचीच मान खाली गेली. मी पिशवी घेतली आणि सभेला गेले.

तर गाळाचा ठराव झाला. मग महाराजांच्या वाढदिवसाचं अभिनंदन झालं. मग वरिष्ठ सरकारला लढाईत यश मिळो, असा ठराव झाला आणि त्यावर पाच जण बोलले. दिवाण दाजीसाहेब फणसळकर उंच खुर्चीवर बसून प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत होते. कधी आवाज चढवायचे नाहीत. विद्वान माणूस, संस्कृतात श्लोक रचायचे. पण त्यांची नजर अधूनमधून पश्चिमेच्या खिडकीकडं जात होती, आणि ते कशाची वाट बघताहेत हे मला पडद्यातूनही दिसत होतं.

शेवटी मास्तर उभेच राहिले. बिल पुकारल्याशिवाय खाली बसत नाही म्हणाले. साडेपाच झाले होते. दिवाणांनी बिल पुकारलं, चर्चा नको म्हणाले, थेट मतं घ्या.

बाजूचे उभे राहिले, धोंडजीनं चांदीची काठी दाखवत मोजले. दहा. विरुद्धचे उभे राहिले. दहा. मग तो ओट्याशी आला आणि नेहमीसारखा खोकला.

"धोंडजी," मी आतून म्हणाले, "आज विचार."

तो दचकला. त्यानं वळून दिवाणांकडं पाहिलं. दिवाणांनी नुसती मान हलवली, पुढं चल अशी. धोंडजी सवयीनं ओरडला, "बाईंची सरकारास संमती."

आता पडद्याच्या दोऱ्या वर ओट्याच्या चौकटीला बाहेरच्या बाजूनं बांधलेल्या. आतून तो गुंडाळता येत नाही, राण्यांसाठी तसाच केलेला. मी पिशवीतून नाळ कापायची कात्री काढली, खुर्चीवर चढले, चिकाच्या फटीतून हात घातला आणि तिन्ही दोऱ्या एकामागून एक कापल्या. पडदा धाडकन खाली आला. शेवटच्या बाकावर जामदारकाका म्हणून सत्तरीचे इनामदार मत देऊन पुन्हा डुलक्या घेत होते, त्यांच्या अंगावर तो अख्खा आला, तीन पिढ्यांच्या धुळीसकट. काका शिंकत उठले. सगळा दरबार मागं वळून बघत राहिला. तीन वर्षं ज्यांच्याबरोबर बसले त्यांतल्या निम्म्यांनी मला तेव्हा प्रथम पाहिलं.

मी खुर्चीवरून उतरले, पदर नीट केला आणि आपल्या जागी उभी राहिले.

"माझं मत मास्तरांच्या बिलाला," मी म्हणाले. "अकरा झाले. मोजून घ्या."

एकच गलका झाला. कुणी म्हणालं हा दरबाराचा अपमान, कुणी म्हणालं बाईला बाहेर काढा. दिवाणांनी हात वर केला, तसे सगळे गप्प झाले.

"बाई, खाली बसा," ते मऊ आवाजात म्हणाले. "तुमचं मत नोंदलं गेलंय. चोपदारानं सांगितलं."

"चोपदार सभासद नाही. सभासद मी आहे."

"सभासदानं आपल्या जागेवरून मत द्यायचं असतं."

"जागेवरच आहे मी. पडदा पडला, मी कुठं हलले?"

बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. दिवाण हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी दप्तराचे कारकून कारखानीस यांना पहिल्या वर्षाची वही काढायला सांगितली. मला वाटलं, वेळ काढताहेत. पण वेळ नव्हते काढत ते. त्यांनी आधीच तयारी करून ठेवली होती, वहीत खुणेचा कागद घातलेला होता.

"सभेचा नियम एकोणतीस," दिवाण म्हणाले. "ज्या सभासदानं एखाद्या नियमाला संमती दिली, त्याला त्याच मुदतीत तो नियम उठवायच्या बाजूनं मत देता येणार नाही. कारखानीस, वाचा."

कारखानीस वाचायला लागले. बारीक आवाज त्यांचा. "श्रावण वद्य पंचमी. ज्या घरी पुरुष हजर नसेल त्या घरच्या स्त्रीने हाकाऱ्यास जावे, असा नियम पुढे आला. बाजूने दहा. विरुद्ध दहा. नामदार नर्मदाबाई कुंभोजकर यांची सरकारास संमती. नियम मंजूर."

मी जागच्या जागी खाली बसले. सगुणानं मला विचारलं होतं, कायदा केला कुणी वं, आणि मी तोंड वर करून सांगितलं होतं, सभेतल्या मेल्यांनी. त्या मेल्यांत मी होते. एका मतानं झाला होता तो कायदा, आणि ते एक मत माझ्या नावावर होतं. ती तळहाताएवढी पोर ज्या हातांनी मी फडक्यात गुंडाळली, त्याच हातांनी त्या दिवशी पडद्याआड टोपडं विणत असेन. मला स्वतःची शिसारी आली. समोर मास्तर उभे होते, त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दिवाण सांगत होते, म्हणजे बाईंचं मत बाद, राहिले दहा आणि दहा, आणि आता अध्यक्ष म्हणून माझं मत. खिडकीतून ऊन लांबपर्यंत आत आलं होतं.

आणि माझ्या डोक्यात ती तिथी घोळायला लागली. श्रावण वद्य पंचमी.

आमच्या धंद्यात तिथी आणि वेळ विसरून चालत नाही. पोर जन्मलं की आधी नाळ, मग घड्याळ. पत्रिका मांडायला लोक वेळ विचारायला माझ्याकडं येतात, दहा-दहा वर्षांनी येतात, आणि मी सांगते. एकदा हाताखालून गेलेलं पोर मी तिथीनं ओळखते. पंचमी म्हटल्याबरोबर मला पाय दिसले. आधी पाय आले होते त्या पोराचे.

"थांबा," मी म्हणाले आणि उठले. "दिवाणसाहेब, मत देण्याआधी मला एक सांगा. तुमच्या नातवाचा वाढदिवस कधी असतो?"

दिवाणांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना तीन वर्षं पडद्यातून पाहत होते, पण त्यांचा चेहरा कोरा झालेला प्रथमच दिसला.

"त्याचा इथं संबंध नाही, बाई."

"आहे. श्रावण वद्य पंचमीला सकाळी नऊ वाजता तुमची बग्गी मला न्यायला ह्या महालाच्या मागच्या दाराशी आली. तुमच्या लेकीला रात्रीपासून कळा येत होत्या आणि पोर पायाळू होतं. चार वाजून दहा मिनिटांनी सुटका झाली. दिवेलागणीपर्यंत मी तुमच्या घरातून हलले नाही, तुमच्याच स्वयंपाकघरात जेवले. ती वेळ मी तुम्हाला माझ्या हातानं लिहून दिली, तीवरून तुम्ही पत्रिका मांडलीत. आता त्या दिवशी मी पडद्यात बसून संमती देत होते म्हणता, तर पत्रिका खोटी. पत्रिका खरी असेल, तर संमती खोटी. दोन्हीतलं खोटं कुठलं म्हणून लिहायचं ते कारखानिसांना सांगा."

मास्तर आता माझ्याकडं बघत होते.

"आणि कारखानीस," मी म्हणाले, "तुम्ही मध्येच थांबलात. दिवाणांना नातू झालेला दिवस, दप्तरात लिहिल्यावाचून तुम्ही राहिला नसाल. त्याच्या खालची ओळ वाचा."

कारखानिसांनी दिवाणांकडं पाहिलं, मग वहीकडं. भित्रा माणूस, आठ लेकरांचा बाप. पण दप्तर म्हणजे त्याचा देव होता. त्यानं वाचलं. "सभा उठतेवेळी, दिवाणसाहेबांस नातू झाल्याचे वर्तमान आल्यावरून सभेने आनंद व्यक्त केला. सर्व सभासदांस पेढे वाटण्यात आले."

"केशरी होते," जामदारकाका धुळीनं माखलेल्या मिशा झटकत म्हणाले. सरकारी बाजूचेच ते, हाकाऱ्याच्या बाजूनं उभे राहिलेले. "मी दोन खाल्ले. मी विचारलंही होतं, पोर पायाळू आहे तर सोडवलं कुणी? दिवाणसाहेबांनीच सांगितलं, आपल्या नर्सबाईंनी."

मग मात्र हसू आवरेना कुणाला. सरकारी बाकांवरसुद्धा माना खाली घालून हसत होते. दिवाणांचे कान लाल झाले. त्यांनी आयुष्यात प्रथमच आवाज चढवला, पण माझ्यावर नाही, धोंडजीवर. तू सरकारदरबारी खोटी संमती सांगितलीस? रिकाम्या खुर्चीचं मत पुकारलंस?

धोंडजीनं काठी खाली ठेवली आणि हात जोडले. एकवीस वर्षं चोपदारकी केलेला माणूस.

"त्याला काही बोलू नका," मी म्हणाले. "हो म्हणत जा असं मीच सांगितलं होतं त्याला. मला विणकाम करायचं होतं, मला लवकर जायचं होतं. चूक माझी. लिहा कारखानीस, माझी म्हणून लिहा. पण खुर्ची रिकामी होती हे तुम्हालाही ठाऊक होतं, दिवाणसाहेब. बग्गी तुमचीच होती. मी आत आहे की नाही, हे तीन वर्षांत कुणाला बघावंसं वाटलं नाही. आज बघा. मी इथं उभी आहे. खडकेवाडीची सगुणा सात महिन्यांची आहे आणि तुमच्या यादीत तिसरी आहे. गेल्या साली तिची पोर मी पुरली. ह्या बिलाला माझं मत आहे, आणि ते लिहून घेतल्याशिवाय मी बसत नाही."

नोकरी गेली, हे मला बोलतानाच कळलं होतं. एकदा कळल्यावर उलट मोकळं वाटलं.

दिवाण बराच वेळ खिडकीकडं बघत राहिले. आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तरी तोफ झाली असती आणि बिल मेलं असतं. ते का बसले नाहीत, मला आजही सांगता येत नाही. कदाचित सगळे हसले म्हणून. कदाचित त्यांना खरंच नातू आठवला असेल. त्या माणसाबद्दल मला वाईटच बोलायचंय, पण हे एवढं त्यांचं त्यांच्या पदरात टाकते.

"लिहा," ते शेवटी म्हणाले. "बाजूने अकरा. विरुद्ध दहा. बिल मंजूर."

कारखानिसांनी लिहिलं, शाईवर टीपकागद दाबला आणि वही मिटली. कुणीतरी पाण्याचा तांब्या मागितला. तेवढ्यात गढीवर तोफ झाली आणि खिडक्यांची तावदानं हलली.

आठ दिवसांनी माघ प्रतिपदेला पहाटे खडकेवाडीत ढोल वाजला. यादीतल्या अकरा बायकांपैकी एकीनंही दार उघडलं नाही. पुरुष तेवढे गेले, तेही रडतखडत. महाराजांना त्या साली एक ससा मिळाला म्हणतात.

मी त्या दिवशी सगुणाच्याच घरी होते. दुसरीकडं जायला जागा नव्हती, दवाखान्यातून हुकूम आला होता, प्रकृतीच्या कारणास्तव सेवेतून मुक्त. माझी प्रकृती अगदी ठणठणीत होती. चुलीपुढं बसून मी सगुणाला सांगून टाकलं की तू विचारलेलंस ना कायदा कुणी केला, त्यात माझंही नाव होतं. कसं होतं, का होतं, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली. मग तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली आणि माझ्या ताटात वाढली. मलाही त्याहून जास्त काही मागायचा हक्क नव्हता. फाल्गुनात तिला मुलगा झाला, पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी.

पुढच्या सभेवर माझी नेमणूक झाली नाही, हे सांगायला नकोच. पडदा पुन्हा लावला, ह्यावेळी दोऱ्यांच्या जागी साखळ्या. त्याआड एका सरदारांच्या विधवा बहिणीला आणून बसवलं. तोंडातून शब्द न काढणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. पहिल्या दिवसाची हकीकत मला मास्तरांनी येऊन सांगितली.

पहिला ठराव आला, महाराजांच्या आभाराचा. वीस जण उभे राहिले. धोंडजी ओट्याशी गेला, खोकला आणि सगळ्या दरबाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईसाहेब, आपलं मत काय?"

आतून काही आलं नाही. दिवाण म्हणाले, धोंडजी, पुढं चल. धोंडजी हलला नाही. दिवाण पुन्हा म्हणाले. त्यानं हातातली काठी जमिनीवर टेकवली आणि पडद्याकडं तोंड करून तसाच उभा राहिला. मास्तर म्हणाले, आम्ही सगळे खोळंबून बसलो होतो, दहा मिनिटं तरी झाली असतील.

मग आतून बाईचा आवाज आला.